सापळा माश्यांनी भरतो, तरी आंब्यात अळ्या का?

तुम्ही लिहिलंय की पेडण्याला घरामागे मानकुराद आंब्याची सहा झाडं आहेत, फळमाशीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात रोज मूठभर माश्या पडतात, तरी आंबा कापला की अळ्या निघतातच. मग दुकानदाराने फसवलं का? बहुधा नाही.

डबा रिकामा कराल तेव्हा मेलेल्या माश्यांचं मागचं टोक बघा. मादीला तिथे टोकदार नळी असते, तीच सालीत खुपसून ती अंडी घालते. तुमच्या डब्यात अशी नळीवाली शोधून सापडायची नाही. सापळ्यात आमिषाचा जो ठोकळा असतो, त्यात मिथिल युजेनॉल हा वासाचा पदार्थ असतो आणि त्याला भुलतात ते नर. (खरं तर तो मादीचा कामगंधही नव्हे. काही तुळशींत असतो तोच पदार्थ, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) नर संपले की माद्या वांझ राहतात, असा हिशेब. पण शेजारच्या भाटातून (बागेतून) जोडी जमवून आलेल्या मादीला तुमच्या सापळ्याशी काही देणंघेणं नसतं.

आमच्या डिचोलीच्या भाटात पहिल्या वर्षी मी सापळे लावले तेच मुळी आंबा पाडाला लागल्यावर. ठोकळा उघड्या हाताने बसवला, तर माश्या माझ्याच बोटांवर येऊन बसायला लागल्या! त्यात कीटकनाशकही असतं, तेव्हा हातमोजे घाला. शिवाय पडके आंबे आई झाडाखालीच ठेवायची, खत होईल म्हणून. झाल्या त्या माश्याच. अळी फळातून निघून मातीत कोष करते आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी हजर.

आता फळ अंड्याएवढं झालं की सापळे टांगतो, एकरी चार, डोक्याच्या उंचीवर, सावलीत. ठोकळा दीड-दोन महिन्यांनी बदलतो. पडका आंबा रोज सकाळी उचलून दोन फूट खोल पुरतो, आणि हेच काम जास्त फळतं. वाड्यावरच्या तीन घरांनाही सापळे लावायला लावले. एकाने कुरकुर केली, पण लावले. आंबा वळवाच्या पावसाआधी उतरवतो, कारण सर पडली की माशी वाढते. तरी दहा-बारा फळं जातातच. याच माशीपायी 2014 साली युरोपीय संघाने भारताचा आंबा अडवला होता, तिथे आपल्या परसाचं काय!

दोडकी-काकडीच्या मांडवात मात्र हा ठोकळा टांगू नका. वेलांवरची माशी वेगळी, तिला क्यू-ल्युर हे दुसरं आमिष लागतं.