पोलरायझर फिल्टर: लिनिअर घ्यावा की सर्क्युलर?

पोलरायझर म्हणजे चमक घालवणारा, आकाश गडद करणारा लेन्सवरचा फिल्टर. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) वापरत असाल तर डोळे झाकून सर्क्युलर घ्या. त्या कॅमेऱ्यातला अर्धपारदर्शक आरसा लिनिअर फिल्टरमधून आलेला प्रकाश फिल्टरच्या कोनानुसार कमीजास्त वाटून देतो, त्यामुळे मीटरिंग (प्रकाशाचं मोजमाप) चुकतं आणि ऑटोफोकसही चाचपडू शकतो. सर्क्युलरमध्ये पोलरायझरच्या मागे क्वार्टर-वेव्ह प्लेट (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाला गोलाकार फिरवणारा पातळ थर) असते, तिच्यामुळे ही भानगड मिटते. मिररलेसमध्ये आरसाच नाही, तिथे लिनिअर सहसा चालून जातो.

जुना फिल्टर स्वस्तात मिळतोय? आधी आरशासमोर धरून बघा. लेन्सवर बसणारी बाजू आरशाकडे करा आणि फिल्टरमधूनच त्याच्या प्रतिबिंबाकडे पाहा. सर्क्युलर असेल तर काच काळपट दिसेल, उलटा धरला की उजळ. लिनिअरमध्ये हा फरक पडत नाही. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा मी यावर जास्त विश्वास ठेवतो!

फोटोतला परिणाम मात्र दोन्हींचा सारखाच. निळं आकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वात गडद होतं, म्हणून फार वाइड (खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सवर ते ठिगळासारखं दिसतं. पाण्यावरची, पानांवरची चमक जाते, धातूवरची नाही. प्रकाश दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप घटला म्हणजे प्रकाश निम्मा) घटतो, तेव्हा संध्याकाळी फिल्टर काढून ठेवा.