गहू सोडण्याआधी रक्त तपासा

लोहाच्या गोळ्या आठ महिने घेऊनही हिमोग्लोबिन साडेआठवरून हलत नाही, पोट सतत फुगलेले असते, आणि ‘महिन्याभरापासून पोळी बंद केल्याने बरे वाटते, सिलिअ‍ॅकची तपासणी सावकाश करीन’, असे आपण लिहिले आहे (सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार). शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही, कारण मीही नेमके हेच केले होते.

मी चार महिने गहू सोडला आणि मग रक्त दिले. फॉर्मवर ‘उपाशीपोटी आहात का’ असा रकाना होता. गहू खाता का, हे ना त्या प्रयोगशाळेत कोणी विचारले, ना अहवाल पाहून ‘सिलिअ‍ॅक नाही, पित्त आहे’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी. टीटीजी-आयजीए या चाचणीत मोजली जाणारी प्रतिपिंडे ग्लुटेन पोटात जात असेल तरच टिकतात, ते बंद झाले की हळूहळू उतरतात. माझा अहवाल त्या दिवशीच्या रक्तापुरता खराच होता, पण त्यावर विसंबून मी पुन्हा निर्धास्तपणे पोळ्या खाऊ लागले आणि पुढील दोन वर्षांत हाडे इतकी विरळ झाली की साध्या घसरण्याने मनगट मोडले. तेव्हा कुठे दुसऱ्या डॉक्टरांनी टीटीजीसोबत एकूण आयजीएही मोजून घेतले (या प्रकारची प्रतिपिंडे मुळातच कमी असतील तर टीटीजी चाचणी आजार असूनही ‘नाही’ दाखवू शकते) आणि दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे तपासले.

मी डॉक्टर नाही. तरीही माझे मत ठाम आहे की निदानाआधी पथ्य हा शहाणपणा नव्हे. तपासणीपूर्वी साधारण सहा ते आठ आठवडे रोज गहू खाण्यास सांगतात. आपल्याला ते झेपेल का, हे पोटविकारतज्ज्ञांना विचारावे. अगदीच सोसत नसेल तर एचएलए डीक्यू२ व डीक्यू८ या जनुकांची चाचणी आहे. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद होतो, मात्र असल्याने तो सिद्ध होत नाही. सिलिअ‍ॅक आणि गव्हाची अ‍ॅलर्जी दोन्ही नाहीत असे ठरल्यावरच ग्लुटेन-संवेदनशीलतेचा विचार करावा, कारण तिची स्वतंत्र रक्तचाचणी नाही.

निदान झालेच, तर भाकरी आपली आहेच. फक्त गिरणीत गव्हावर टाकलेली ज्वारी चालत नाही, हे मला फार उशिरा उमगले. शेवटी घरघंटी घेतली. आणि हिंगाच्या डबीवरील बारीक अक्षरे वाचावीत, बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते.