कुरळ्या केसांच्या जाहिरातीत माझे केस का दिसत नाहीत?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची कर्नाटकातल्या हल्याळकडची, पूर्वी आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजातली. सध्या पणजीजवळ वसतिगृहात राहून नर्सिंग शिकते. माझे केस आईसारखे, अगदी बारीक, घट्ट वळणांचे आहेत. इथल्या एका पार्लरमध्ये नुसती टोकं कापायला गेले, तर खुर्चीत बसायच्या आधीच 'स्मूदनिंग (रसायनं लावून केस सरळ करणं) करून घे, चेहरा उठून दिसेल' असं ऐकावं लागलं. मोबाइलवर 'कुरळ्या केसांसाठी' म्हणून जे शाम्पू येतात, त्यातल्या एकाही मुलीचे केस माझ्यासारखे नसतात. मैत्रिणीची तसली बाटली वापरली, तर केस वाळून कडक झाले. '४सी केसांसाठी' असं लिहिलेल्या अमेरिकन बाटल्या मिळतात, पण किंमत दोन हजारांच्या पुढे. त्या घ्याव्यात का? की सरळच करून टाकू?

उत्तर : अगं, तुझ्या केसांना काहीही झालेलं नाही. त्या पार्लरवालीला ते हाताळता येत नाहीत, एवढीच गोष्ट आहे. नवऱ्याच्या नोकरीपायी मी ऐन उमेदीची वर्षं नैरोबीत काढली आणि तिथल्या शेजारणींकडून हे केस विंचरायला, वेणायला शिकले. म्हणून तुझं पत्र वाचून राग आला. सविस्तरच लिहिते.

टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं. तुझ्या केसात ते प्रत्येक वळणावर अडतं, म्हणून टोकं कोरडी राहतात. आपल्याकडच्या जाहिरातींत 'कुरळे' म्हणून बहुतेक लाटांचे केस दाखवतात, आणि मालही त्याच केसांसाठी हलका केलेला असतो. तुझ्या केसांचं त्यावर भागत नाही. मैत्रिणीची बाटली खोटी नव्हती, ती तुझ्यासाठी केलेलीच नव्हती.

'४सी' हे काही वैद्यकीय निदान नव्हे. अमेरिकेतल्या प्रसिद्ध टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्रे यांचे केस करणारे आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात एक वर्गवारी मांडली : १ सरळ, २ लाटांचे, ३ कुरळे, ४ घट्ट वळणांचे. आकड्यापुढचं अक्षर वळण किती घट्ट ते सांगतं, ४सी म्हणजे सगळ्यात घट्ट. पुढे तिच्यात भर पडत गेली आणि कंपन्यांनी ती बाटल्यांवर छापली. खरेदीपुरती ती बरी आहे. पण कानामागे एक प्रकार आणि टाळूवर दुसरा, असं एकाच डोक्यावर सर्रास असतं. त्या अक्षरापायी दोन हजार मोजू नकोस.

या बाटल्यांच्या जाहिराती गोड असतात. उदाहरणार्थ शिया मॉइश्चर हा ब्रँड बघ. तो काढणारे रिशेल्यू डेनिस लायबेरियाचे. त्यांची आजी सोफी टकर १९१२ मध्ये सिएरा लिओनमधल्या बोंथे गावच्या बाजारात शिया या आफ्रिकन झाडाच्या तेलकट बिया विकत असे, ही गोष्ट बाटलीवरच असते. वाचून माझेही डोळे भरून आले होते. हा ब्रँड काळ्या बायकांच्या पैशावर मोठा झाला. मग एप्रिल २०१७ मध्ये त्यांची एक जाहिरात आली : केसांवरून सोसलेल्या अवहेलनेबद्दल बोलायला बहुतेक गोऱ्या मुली. बायका भडकल्या, कंपनीने माफी मागून ती मागे घेतली. त्याच वर्षी युनिलिव्हरने ही कंपनी विकत घेतली.

आता पुढचं बघ. आपण अंगाला लावतो तो डव्ह साबण युनिलिव्हरचाच. अमेरिकेत नैसर्गिक केसांवरून किंवा वेण्यांवरून शाळेत, नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये सर्वांत आधी केला, आणि त्या मोहिमेमागे डव्ह उभा होता. हे काम मोठं आहे, मी ते कमी लेखणार नाही. पण सप्टेंबर २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्लिक्स या दुकानांच्या संकेतस्थळावर याच युनिलिव्हरच्या ट्रेसमे शाम्पूची जाहिरात लागली. काळ्या बाईच्या केसांखाली 'कोरडे, खराब झालेले' आणि गोऱ्या बाईच्या केसांखाली 'नॉर्मल'. दुकानांपुढे निदर्शनं झाली, ट्रेसमे दहा दिवस फळ्यांवरून उतरवावं लागलं. तुझ्या केसांचं कौतुक करणारी आणि त्यांना खराब म्हणणारी, दोन्ही जाहिराती एकाच मालकाच्या. लॉरेआलचंही तेच : केस सरळ करायचं डार्क अँड लव्हली त्यांचं, आणि नैसर्गिक केसांसाठी नाव कमावलेली कॅरोल्स डॉटर त्यांनी २०१४ मध्ये घेतली होती, २०२५ मध्ये विकून टाकली. यातल्या कुणाच्याही शब्दाला भुलून तू आपल्या केसांबद्दलचं मत ठरवू नकोस, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. आपली गोदरेज २०११ पासून आफ्रिकेत डार्लिंगच्या नावाने वेण्यांचे केस विकते, २०१६ मध्ये तिने अमेरिकेतली स्ट्रेंग्थ ऑफ नेचर ही काळ्या बायकांच्या केसांसाठी माल करणारी कंपनीही घेतली. म्हणजे तुझे केस काय मागतात हे मुंबईत बसलेल्यांना पक्कं ठाऊक आहे. पण हल्याळ-यल्लापूरची सिद्दी मुलगी त्यांच्या गिऱ्हाइकांत धरलेलीच नाही. गोव्यातल्या दुकानांत तो माल मी कधी पाहिला नाही. लिही त्यांना, बाळा. मैत्रिणींच्याही सह्या घे.

स्मूदनिंगचं विचारतेस, तर माझं उत्तर नाही. त्यातल्या बऱ्याच रसायनांतून इस्त्री फिरली की फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. आणि मुळापासून नवे केस वळणाचेच येतात. सरळ आणि वळणदार भाग जिथे भेटतात तिथेच केस तुटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा २०२२चा अभ्यास तू शोधून वाच, तेहतीस हजारांवर बायकांचा आहे. सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज ४.०५ टक्के निघाला, न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के. यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे तुला वर्गात शिकवलं असेलच. तरी नुसतं पार्लरवालीच्या सांगण्यावरून एवढी जोखीम का घ्यायची?

करायचं ते असं. आठवड्यातून एकदा धू. ओल्या केसांचे सहा-आठ भाग कर, बाकीचे चिमट्यांनी बांध. एका भागाला साधं, घट्ट कंडिशनर भरपूर लाव आणि आधी बोटांनीच गुंता सोडव. मग मोठ्या दातांची फणी टोकाकडून वर, दोन बोटं एवढंच अंतर घेत. मुळाशी केस मुठीत धरून ठेव, म्हणजे टाळू ओढली जात नाही. धुतल्यावर पाणी निथळायच्या आत घाण्याचं खोबरेल तळहातावर चोळून टोकांना लाव. ड्युटीसाठी सैल वेण्या घालून जाळी बांध. कानशिलावर बारीक पुळ्या आल्या किंवा रात्री वेणी दुखली, तर ती घट्ट झाली. तेव्हाच सोड, नाहीतर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. उशीला सॅटिनचा अभ्रा शिवून घे, म्हापशाच्या बाजारात कापड स्वस्त मिळतं.

प्रश्न : म्हापशात माझं छोटं पार्लर आहे. हल्ली आफ्रिकन विद्यार्थिनी चौकशीला येतात. 'आफ्रो केसांसाठी खास' अशी पाटी लावून आयात माल ठेवला तर चालेल का?

उत्तर : पाटी आत्ता लावू नका. आधी हात बसू द्या. त्याच मुलींपैकी जिला वेण्या येतात तिला पगार देऊन दोन-तीन महिने कामाला घ्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहून शिका; फुकट शिकवायला सांगू नका. माल म्हणाल तर एक चांगलं कंडिशनर, मोठ्या दातांच्या फण्या आणि वेण्यांचे केस एवढ्यावर भागतं. पैसे तासावर लावा आणि काम सुरू करण्याआधी सांगा, कारण बारीक वेण्यांना अख्खा दिवस लागतो आणि उठताना वाद झाला तर ती मुलगी पुन्हा येणार नाही. आणि तुमच्याकडच्या पोरींना बजावून ठेवा : गिऱ्हाइकाच्या केसांना राठ म्हणायचं नाही, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि तिने स्वतः विषय काढल्याशिवाय स्मूदनिंगचं नाव घ्यायचं नाही.