मेथडिस्ट चर्चमधली गळती: वादामुळे किती, आधीपासूनची किती?

अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चचे आकडे गेल्या काही वर्षांत धाडकन खाली आलेत. मग समलैंगिकतेच्या वादामुळे लोकांनी रविवारच्या उपासनेला येणं सोडलं असं म्हणायचं का, असा तुमचा प्रश्न आहे. नुसत्या एकूण आकड्यावरून तसं म्हणता येत नाही, कारण त्या घसरणीतला बराच भाग कागदावरचा आहे.

फेब्रुवारी 2019 मध्ये सेंट लुईसच्या विशेष अधिवेशनात समलैंगिक विवाह आणि समलैंगिक पाळकांवरची बंदी कायम ठेवणारा परंपरावादी ठराव 438 विरुद्ध 384 मतांनी मंजूर झाला. मंडळ्यांना, म्हणजे स्थानिक चर्चना, बाहेर पडू देणारं चर्चच्या नियमावलीतलं कलम 2553 त्याच अधिवेशनातलं. स्थानिक सभेत हजर सभासदांची दोन तृतीयांश मतं, वार्षिक परिषदेची (त्या भागातल्या मंडळ्यांच्या वरच्या सभेची) मंजुरी, मागच्या बारा महिन्यांची थकलेली आणि आणखी बारा महिन्यांची वर्गणी, शिवाय पाळकांच्या पेन्शनच्या तुटीतला वाटा, एवढं झालं की मंडळी इमारतीसकट मोकळी. 31 डिसेंबर 2023 ला मुदत संपेपर्यंत साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या गेल्या. अमेरिकेतल्या मंडळ्यांचा हा साधारण चौथा हिस्सा. त्यातल्या बऱ्याच परंपरावाद्यांच्या नव्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चला मिळाल्या, काही स्वतंत्र राहिल्या.

अशा मंडळीतले बहुतेक लोक पुढच्या रविवारीही त्याच बाकावर बसलेले असतात, फक्त दारावरची पाटी बदललेली असते. जुन्या चर्चच्या तक्त्यात मात्र तेवढी उपस्थिती शून्य होते. खरी गळती आहे ती विरोधात मत देणाऱ्यांची. सभेला 90 जण असतील तर 60 मतांवर निर्णय होतो आणि 30 जण हरतात. शहरात ते दुसरी मंडळी शोधतात, पण खेड्यात जवळ दुसरी मेथडिस्ट मंडळी नसली तर त्यातले काही घरीच बसतात. ही माणसं धड कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते.

दुसरं म्हणजे घसरण जुनी आहे. 1968 मध्ये दोन चर्चच्या विलीनीकरणातून युनायटेड मेथडिस्ट चर्च झालं, त्यावेळी अमेरिकेत सभासद जवळपास 1 कोटी 10 लाख होते; 2018 मध्ये ते 70 लाखांच्याही खाली होते. त्या मतदानाच्या आधीच! मंडळ्या वयस्क होत गेल्या, मृत्यू वाढले, दृढीकरणं (तरुणांना पूर्ण सभासद करून घेण्याचे विधी) कमी झाली. उदारमतामुळे चर्च रिकामी होतात म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतलंच दुसरं मोठं चर्च, सदर्न बॅप्टिस्ट, पाहावं. भूमिका कडक, तरी सभासद 2006 च्या 1 कोटी 63 लाखांवरून 2024 मध्ये 1 कोटी 27 लाखांवर आले. आणि 2023 व 2024 मध्ये त्यांची साप्ताहिक उपस्थिती मात्र वाढली! म्हणून सभासदसंख्या आणि उपस्थिती कधीही एका रांगेत मांडू नका.

वादाचा परिणाम वेगळा काढायचा तर 2018 आणि 2023 या दोन्ही वर्षी त्याच चर्चमध्ये असलेल्या मंडळ्याच घ्या. 2020 आणि 2021 सोडा, ती कोविडची वर्षं. एखाद्या मंडळीची नोंदवही हाताशी असेल तर ईस्टर, नाताळची गर्दी टाळायला दोन्ही वर्षांच्या ऑक्टोबरमधल्या रविवारांची सरासरी काढा. गायकवृंद आणि संडे स्कूलची मुलं मोजली होती का, दोन उपासनांना बसलेला माणूस दोनदा आला का, हे विचारा. ऑनलाइन संख्या त्यात मिसळू नका. अर्धा मिनिट उघडलेला व्हिडिओही ‘एक’ म्हणून मोजला जाऊ शकतो. मग कमी झालेले सभासद कारणांनुसार पाहा: मृत्यू, दाखला घेऊन दुसऱ्या मंडळीत गेलेले, राजीनामा दिलेले, नाव काढून टाकलेले. वादाचा माग दाखला आणि राजीनाम्यात लागतो, मृत्यूच्या रकान्यात नाही.

जगाचा आणि अमेरिकेचा आकडाही वेगळा ठेवा. 2024 मध्ये शार्लटच्या अधिवेशनात समलैंगिक पाळकांवरची बंदी उठल्यावर आयव्हरी कोस्टचं चर्च बाहेर पडलं. ते दहा लाखांवर सभासद अमेरिकेच्या तक्त्यात कधीच नव्हते.

मुंबई-पुण्याच्या मेथडिस्ट मंडळ्यांचं काय, हेही तुम्ही विचारलंय. मेथडिस्ट चर्च इन इंडिया 1981 पासून स्वायत्त आहे. कलम 2553 तिथे लागू नव्हतं आणि वरच्या एकाही आकड्यात त्या मंडळ्या नाहीत. तिथली उपस्थिती कमी झाली असेल तर कारण तिथल्याच नोंदवहीत शोधावं लागेल.