उत्क्रांतीय आनुवंशिकी आणि संसर्गजन्य रोग यांवर संशोधन करणाऱ्याची कारकीर्द कशी असते? नागपुरात राहून ती शक्य आहे का?

आपण एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात असे प्रश्नात म्हटले आहे आणि पुढे विचारले आहे की, उत्क्रांती हा पुस्तकी विषय आणि रोग हा डॉक्टरांचा, तर मधल्या माणसाला काम काय उरते? गेली एकोणीस वर्षे मी त्या मधल्या जागेतच आहे, त्यातील बहुतेक नागपुरात.

माझी सुरुवात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारापासून झाली. रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच तो बदल. ज्याच्याकडे या जनुकाच्या, आई आणि वडिलांकडून एकेक आलेल्या, दोन्ही प्रती सदोष, त्याचे हाल विदर्भात कोणाला सांगायला नकोत. मग असे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या संदर्भात हिवतापाकडे बोट दाखवले आणि १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील कामातून दाखवून दिले की एकच सदोष प्रत असलेल्या वाहकाला फॅल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या घातक हिवतापापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, आमच्या अभ्यासक्रमात त्यांचे सूत्र असते, ही गोष्ट नसते.)

प्रत्यक्ष काम मात्र याहून पुष्कळ साधे दिसते. गडचिरोलीतील एखाद्या उपकेंद्रात बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, विद्राव्यता चाचणीची नळी रेघा मारलेल्या कागदापुढे धरायची आणि रेघा दिसतात की द्रव गढूळ होतो ते पाहायचे. गढूळपणावरून वाहक कोण आणि ग्रस्त कोण हे कळत नाही; त्यासाठी नमुना नागपूरला आणून इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणे, करावे लागते. तेथे वाहकाचे दोन पट्टे उमटतात, ग्रस्ताचा ठळक पट्टा एकच. सुरुवातीची दोन वर्षे मी हे पट्टेच वाचत होतो.

पुढे लक्ष परजीवीकडे वळले, कारण उत्क्रांत होत राहणे केवळ माणसाच्या वाट्याला आलेले नाही. क्लोरोक्वीन या हिवतापाच्या औषधाला दाद न देणारा फॅल्सिपेरम भारतात प्रथम १९७३ मध्ये आसामात आढळला. त्याच्या, पदार्थ इकडून तिकडे नेणाऱ्या एका प्रथिनात ७६व्या जागी लायसिन जाऊन थ्रिओनिन आले की औषध परजीवीच्या पचनपिशवीतून बाहेर फेकले जाते. मलावीने १९९३ मध्ये क्लोरोक्वीन थांबवले, तेव्हा काही वर्षांत तेथे औषधाला बळी पडणारे परजीवी पुन्हा वरचढ झाले. आपल्याकडे फॅल्सिपेरमसाठी ते बंद झाले, पण व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीसाठी आजही दिले जाते. आणि ज्या गावात दोन्ही परजीवी नांदतात, तेथे एकासाठी दिलेली गोळी दुसऱ्यावरही निवडीचा दाब टाकत राहते, म्हणजे औषधाला दाद न देणारेच तगतात. मलावीचे उदाहरण येथे जसेच्या तसे का लागू पडत नाही, याचे माझ्या मते हे मोठे कारण आहे. हा विचार उपचार करणाऱ्या डॉक्टरला सवडीने करता येत नाही. मधल्या माणसाचे काम ते हेच.

नुकसानीचीही तयारी ठेवावी. एका मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांवर असताना, आमच्या संस्थेतील उणे ८० अंशांचा फ्रीझर शनिवारी रात्री बंद पडला आणि धोक्याची घंटा ऐकायला कोणी नव्हते. सोमवारी दोन हंगामांचे नमुने पाणी होऊन बसले होते. फिल्टर पेपरवर वाळवून साध्या कपाटात ठेवलेले रक्ताचे ठिपके तेवढे वाचले, आणि माझा प्रबंध त्यांच्यावरच उभा राहिला. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका मी कागदावर ठेवतोच.

नागपुरात राहून हे होईल का? नमुने आणि प्रश्न येथे भरपूर आहेत. सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणे, बाहेरून करून घेता येते. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती) मिळवल्यास पाच वर्षांची पोटापाण्याची चिंता बरीच कमी होते; पुढची पक्की नोकरी मात्र उशिरा येते, मला ती अडतिसाव्या वर्षी मिळाली.

आजपासून एक करावे, संख्याशास्त्र पक्के करावे. सदोष प्रतीचे प्रमाण १० टक्के धरले, तर हार्डी-वाइनबर्गच्या, म्हणजे जनुकाच्या प्रमाणावरून वाहक आणि ग्रस्त किती असावेत हे सांगणाऱ्या, हिशेबाने १८ टक्के वाहक आणि १ टक्का ग्रस्त यायला हवेत. गावातील मोजणी याच्याशी जुळली नाही, तर आधी आपली चाचणी तपासावी, मग जातीअंतर्गत विवाहांचा विचार करावा, आणि नैसर्गिक निवडीचे नाव त्यानंतरच घ्यावे.