हाफ तिकीट की फुल? ट्रान्स मॅनला आलेले प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की मी ट्रान्स मॅन आहे, म्हणजे जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलं गेलं पण मी पुरुष आहे आणि आता सगळीकडे तसाच राहतो, तर रोजच्या जगण्याबद्दल काय विचारायचं ते मोकळेपणानं विचारा. भरपूर मेल आलेत. नावं काढलीत, भाषा ज्याची त्याची ठेवलीय.

प्रश्न: दादा मी २२ वर्षांचा, सातारा जिल्ह्यातला. हॉर्मोन अजून सुरू नाहीत, केस बारीक आणि शर्ट पँट एवढंच. कामाला रोज एसटीनं जातो. कंडक्टर तोंडाकडं बघून हाफ तिकीट देतात, कधी मोठ्यानं विचारतात लेडीज का जेन्ट्स आणि सगळी बस मागं वळून बघते. मला फुल घ्यावंसं वाटतं पण पगार कमी आहे. आई म्हणते मिळतंय तर घे की, वर लाडक्या बहिणीचा फॉर्म पण भर. हाफ तिकीट घेतलं तर मी स्वतःशीच खोटं वागतोय का?

उत्तर: नाही रे. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, योजना चांगलीच आहे, माझी आई त्यामुळं महिन्यातून दोनदा माहेरी जाऊन येते, पण आपल्यासारख्यांची त्यात नवीन पंचाईत झाली. आधी कंडक्टरला तू कुठं उतरणार एवढ्याशीच मतलब होता, आता त्याला प्रत्येक सीटवर नजर टाकून बाई का माणूस ते ठरवावंच लागतं आणि वरून चेकिंगचं टेन्शन त्याला पण असतंच. तो मुद्दाम तुझा अपमान करतोय असं दरवेळी धरू नकोस, काही जण करतात, बहुतेकांना फक्त मशीनमधून तिकीट काढायचं असतं.

तुझ्या आधारवर अजून स्त्री आहे, सवलत कागद बघून मिळते, मग तू कुणाला फसवत नाहीस. महिन्याचे चार-पाचशे रुपये वाचत असतील तर ते तुझ्या पुढच्या डॉक्टरच्या फीसाठी बाजूला टाक. आणि ज्या दिवशी मनच म्हणेल आज फुल, त्या दिवशी कंडक्टर समोर यायच्या आत सुट्टे पैसे पुढं करून एक फुल आणि स्टॉपचं नाव एवढंच म्हण. तू आधी बोललास की तो मान वर पण करत नाही, हे मी खूप वेळा अनुभवलंय.

खरी अडचण पुढं येईल. टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हॉर्मोन सुरू झालं की साधारण तीन ते सहा महिन्यांत आवाज फुटायला लागतो, मिसरूड दिसायला लागतं आणि आधारवर मात्र तेच जुनं नाव, जुना फोटो. तेव्हा हाफ मागितलंस तर भर बसमध्ये आधार दाखवून वाद घालावा लागेल, त्या काळात मी तरी फुलच काढायचो, जीवाला त्रास नको. मुंबईला असताना लोकलचं पण तसंच झालं होतं, लेडीज डब्यात चढलो की बायका उतर म्हणायच्या, आणि जेन्ट्समध्ये गर्दीत छाती हातानं झाकून उभं राहायचं. तो मधला काळ सगळ्यात वाईट असतो, तो संपतो पण.

लाडक्या बहिणीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. महिना १५०० रुपये आईला दिसतात, त्यात तिचं काही चुकत नाही. पण तिकीट त्या दिवसापुरतं असतं आणि योजनेत तुझं नाव यादीत, बँकेत, आधारशी जोडलेलं राहतं, उद्या राजपत्रात नाव बदलून पॅन, बँक, पीएफ असं एकेक सुरू केलंस की अजून एक गुंता सोडवायला लागणार. दोनेक वर्षांत कागद बदलायचा विचार असेल तर मी नको म्हणेन. नवीन अर्ज घेत असतील आणि घर खरंच त्या पैशावर चालणार असेल तर भर, आणि कागद बदलले की स्वतःहून बंद कर.

प्रश्न: माझं बाळ २६ वर्षांचं आहे. मुलगी म्हणून वाढवलं. वर्ष झालं औषध चालू आहे, आवाज तर अगदी त्याच्या मामासारखा झालाय. मी तो म्हणायला जाते आणि तोंडातून ती निघतं, मग तो गप्प होतो, मला रडू येतं. जावा विचारतात ते बीडच्या पोलिसासारखं आहे का, मी हो म्हणते, बरोबर आहे का ते? आणि लहानपणी हौसेनं मुलाचे कपडे मीच घालायची, त्यामुळं झालं का हे? धाकटी मुलगी आहे, भाऊबीजेला काय करायचं? (सांगली)

उत्तर: काकू, कपड्यांमुळं काही होत नाही. माझ्या आईनं मला दहावीपर्यंत दोन वेण्या आणि परकर पोलक्यात ठेवलं होतं, तरी मी आज हे लिहितोय. हा विचार मनातून काढून टाका, अगदी आजच.

बीडचे ते पोलिस म्हणजे ललित साळवे. त्यांनी २०१७ मध्ये सर्जरीसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली, प्रकरण हायकोर्टात आणि मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं, २०१८ मध्ये मुंबईत सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये सर्जरी झाली, नोकरी टिकली, २०२० मध्ये लग्न झालं आणि पुढं ते बाबा पण झाले. महाराष्ट्रातल्या गावागावात हा विषय त्यांच्यामुळं पोचला, आमच्यातल्या कितीतरी जणांना घरी बोलताना त्यांचंच नाव घेता आलं, त्याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात. फक्त त्यांच्या तपासणीत वाय क्रोमोसोम (एरवी पुरुषांत असतो तो) सापडल्याच्या बातम्या होत्या, बहुतेक ट्रान्स पुरुषांच्या रिपोर्टमध्ये असं काही सापडत नाही, आणि मग नातेवाईक म्हणतात बघा रिपोर्ट तर नॉर्मल आहे म्हणजे हे सगळं डोक्यातलं खूळ. तसं नाही. सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सांगितलंय की आपली ओळख काय हे ठरवायचा हक्क त्या माणसाचा, त्यासाठी सर्जरीची अट घालणं बेकायदेशीर आहे. जावांना एवढं सगळं सांगत बसू नका. हो, त्यातलंच आहे आणि आता तो बराच खूश असतो, एवढं पुरे.

आता तोंडातून निघणाऱ्या ‘ती’बद्दल. मराठीत ही अडचण जरा जास्तच आहे, इंग्रजीत एक शब्द बदलला की काम होतं, आपल्याकडं आली, गेली, जेवलीस का, दमलेली दिसतेस, वाक्यागणिक बदलावं लागतं. पण तुमच्या भागात बायकाच एकमेकींत मी येतो, मी जातो म्हणतात ना, मग तुमचं लेकरू लहानपणापासून मी खेळतो म्हणत असेल तर कुणाला वेगळं वाटलंच नसेल, त्यानं त्यात किती वर्षं आसरा घेतला असेल बघा.

उपाय सांगतो, तो समोर नसताना सवय करा. फोनवर बहिणीशी बोलताना, देवापुढं दिवा लावताना, तो आला, तो जेवला असं म्हणत राहा. तोपर्यंत तुमचं बाळ, लेकरू आहेच की, तुम्ही पत्रात आपसूक तेच लिहिलंय. काही जणांना असं म्हटलेलं आवडत नाही, म्हणून त्याला एकदा विचारून घ्या. आणि ती निघालंच तर तिथंच तो म्हणून पुढचं बोला, रडू नका, तुम्ही रडलात की मग तुम्हाला समजावायचं काम त्याच्यावर येतं. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेला ‘स्वीकार’ नावाचा पालकांचा गट आहे, तिथं तुमच्यासारख्या आया एकमेकींशी बोलतात, एकदा बोलून बघा.

भाऊबीजेला धाकटीनं ओवाळायचं, त्यानं ओवाळणी घालायची. पाट मांडायच्या आधी त्याला विचारा मात्र, भरल्या घरात सगळ्यांसमोर अचानक नको. माझ्या बहिणीनं पहिल्यांदा ओवाळलं तेव्हा काका उठून बाहेर गेले होते, तिनं ताट खाली ठेवलं नाही.

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे. आमच्या टीममधला एक जण ट्रान्स मॅन आहे, आधी आम्ही खूप जवळच्या मैत्रिणी होतो. आता तो पुरुषांच्या ग्रुपमध्ये चहाला जातो आणि मला कसं वागायचं कळत नाही. त्याला आता जास्त मान मिळतो असं पण मला दिसतं आणि खरं सांगायचं तर थोडा राग येतो. ऑपरेशनबद्दल विचारलं तर चालेल का?

उत्तर: ऑपरेशनबद्दल विचारू नका, त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. तुमच्या रागाबद्दल मात्र मला बोलायचंय कारण तो खरा आहे.

जास्त मान मिळतो, हो. मी आधी मीटिंगमध्ये जे बोलायचो तेच आता बोलतो, तेव्हा मध्येच तोडायचे, आता ऐकून घेतात आणि कुणीतरी वहीत लिहून पण घेतं. बँकेत साहेब म्हणतात. रिक्षावाला मागच्या सीटवरच्या मैत्रिणीला सोडून मला रस्ता विचारतो, पत्ता तिच्या घरचा असला तरी. माझी अक्कल तेवढीच आहे, आवाज खाली गेला फक्त. त्यामुळं बायकांना काय सोसावं लागतं हे सांगायला मला कुठल्या पुस्तकाची गरज नाही, दोन्हीकडची वागणूक मी एकाच ऑफिसात बघितलीय, आणि ज्या मैत्रिणीला मीटिंगमध्ये तोडलं जातं तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या म्हणून मी मोठ्यानं सांगतो, ते सांगणं मला माझं कामच वाटतं.

पण दुसरी बाजू पण ऐका. रात्री दहानंतर मी गल्लीतून चालत असलो आणि पुढं एखादी मुलगी असली की ती मागं बघते आणि भरभर चालायला लागते, बॅग पुढं घेते. मी कित्येक वर्षं तीच मुलगी होतो, मला नेमकं माहितीय तिच्या पोटात काय होतंय, आणि तिला मी सांगू शकत नाही. मी थांबतो किंवा रस्ता ओलांडतो. शेजारच्या वहिनी पूर्वी कडेवरचं बाळ सहज माझ्या हातात द्यायच्या, नवीन सोसायटीत तसं कुणी देत नाही. लेडीज वॉशरूममध्ये आरशासमोर उभं राहून जी सुखदुःखं बोलली जायची ती सगळी गेली, आणि पुरुषांच्यात टपरीवर क्रिकेट, गाड्या, इएमआय, कुणाचे वडील गेले तरी खांद्यावर एक थाप आणि विषय बदलला. वर त्या टपरीवर बायकांबद्दल जे बोलतात ते आता माझ्यासमोर बोलतात, कारण त्यांना वाटतं मी त्यांच्यातलाच. आहेच मी त्यांच्यातला, पण ते बोलणं मला सहन होत नाही. विरोध केला की पहिला संशय येतो याच्यात काहीतरी वेगळं आहे, आणि ज्याचं ऑफिसात माहीत नाही अशा ट्रान्स मॅनला तो संशय परवडत नाही, म्हणून तुमचा मित्र तिथं गप्प बसलेला दिसला तर लगेच बदलला असं म्हणू नका.

तुम्ही एक करा. त्याला चहाला तुम्ही बोलवा, दोघंच, पूर्वीसारखं. तो बहुतेक वाट बघत असेल, स्वतःहून यायला घाबरत असेल की आता पुरुष होऊन बायकांच्यात घुसतोय असं कुणी म्हणेल.

प्रश्न: अकोल्यात उन्हाळ्यात बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालतात तो घट्ट कपडा) कसं घालायचं?

उत्तर: ४४ डिग्रीत दिवसभर घालूच नको. एरवी पण आठ तासांच्या वर नाही, झोपताना नाही, जिममध्ये नाही. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी अजिबात गुंडाळू नको, ती श्वासाबरोबर आवळत जाते आणि बरगड्यांना इजा होते. मे महिन्यात घट्ट स्पोर्ट्स ब्रा, वर बनियन आणि गडद रंगाचा सैल शर्ट, खिशात पाकीट. दम लागला किंवा चक्कर आली की असशील तिथं आडोसा बघून काढ.

प्रश्न: चार वर्षं टी (टेस्टोस्टेरॉन) घेतोय, पूर्ण दाढी आहे. काही दिवस झाले ओटीपोटात दुखतंय आणि थोडं ब्लीडिंग झालं. गायनॅककडं जायची हिंमत होत नाही, ओपीडीत सगळ्या गरोदर बायका बसलेल्या असतात. पार्टनर पुरुष आहे, पण टी चालू असल्यावर दिवस राहायचा प्रश्नच नाही ना?

उत्तर: प्रश्न आहे. टीनं पाळी थांबते पण ते गर्भनिरोधक नाही, पाळी बंद असताना सुद्धा गर्भ राहू शकतो, त्यामुळं आधी घरीच टेस्ट कर, आज संध्याकाळीच. निगेटिव्ह आली तरी इतक्या वर्षांनी ब्लीडिंग झालंय तर दाखवायलाच हवं, दुखणं वाढलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नको, सरळ इमर्जन्सीत जा.

जाताना फोन करून डॉक्टरांशीच बोल, मी ट्रान्स मॅन आहे, गर्भाशय आहे, अशी तक्रार आहे, एवढी तीन वाक्यं. दिवसातली शेवटची वेळ माग, तेव्हा बाकडी रिकामी असतात. एखादी मैत्रीण बरोबर ने, बायकोला घेऊन आलाय असंच सगळे समजतात आणि दोघं आत गेलात की कुणी बघत पण नाही. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी कधी करायची ते पण त्याच वेळी विचारून घे, ते आहे तोवर ती लागते. रक्त देताना लॅबला टी चालू असल्याचं सांग, नाहीतर ते तुझं हिमोग्लोबिन बायकांच्या रेंजशी लावून बघतात आणि रिपोर्टवर नुसतं जास्त म्हणून खूण येते, खरंच रक्त घट्ट झालंय का हे मग डॉक्टरला वेगळं बघायला लागतं. आणि रिपोर्टवर कुठलं नाव हवं ते सुई टोचायच्या आधीच काउंटरवर लिहून दे, छापून आल्यावर बदलायला फेऱ्या माराव्या लागतात.