प्रत्येक पेशीत डीएनए तोच, मग डोळ्याच्या जागी डोळा आणि बोटाच्या जागी बोट कसं येतं?

तुमच्या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न आहे: उत्क्रांतीत शरीर बदलायचं तर दर वेळी नवं जनुक यावं लागतं का? त्याचं उत्तर आधी देते. बहुतेक वेळा नाही. जुनीच जनुकं वेगळ्या वेळी आणि वेगळ्या जागी कामाला लागतात, त्यातून शरीर बदलतं. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, आणि हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी हर्णैची. दापोली तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात माझी 23 वर्षं गेली. जनुकांचा धडा सुरू करायचा त्या दिवशी मी बंदरावरून एक ताजा लेप घेऊन वर्गात जायचे. मुलं बहुतेक किनाऱ्यावरच्या घरांतली, लेप ताटात नेहमीचा. जिभेसारखा चपटा मासा, वरून तपकिरी, खालून पांढरा. मी तो हातात धरून एवढंच विचारायचे, "याचा उजवा डोळा कुठे आहे?" आणि वर्ग गप्प व्हायचा. कारण लेपाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला, तपकिरी बाजूला असतात.

लहानपणी हाच प्रश्न मी आईला विचारला होता. ती म्हणाली, "सारखा कुशीवर पडून असतो तो वाळूत. खालचा डोळा काय कामाचा? म्हणून सरकला वर." आईचं निरीक्षण अचूक होतं. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा लेप चारचौघा माशांसारखाच असतो, पारदर्शक, पाण्यात सरळ पोहणारा, दोन बाजूंना दोन डोळे. काही आठवड्यांनी त्याच्या डोक्याची हाडं पिळवटू लागतात, उजवा डोळा डोकं ओलांडून डाव्या बाजूला येतो आणि मग मासा उजव्या कुशीवर तळाशी पडून राहतो. फक्त कारण आईला वाटलं ते नाही. असे चपटे मासे उबवणी केंद्रात नुसत्या टाकीत, वाळूचा कण नसताना वाढवले तरी डोळा सरकतोच. म्हणजे हा एकेका माशाच्या सवयीचा परिणाम नाही, त्याच्या वाढीचा क्रमच तसा आहे.

हा क्रम सुरू कोण करतं? थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक. चपट्या माशांच्या पिल्लांना हे संप्रेरक तयार होऊ न देणारं औषध दिलं तर डोळा जागचा हलत नाही. पहिल्या पावसानंतर सड्यावरच्या डबक्यांत बेडूकमासे वळवळताना तुम्ही पाहिले असतील. त्यांची शेपूट जाऊन पाय फुटतात तेही याच संप्रेरकामुळे. बेडकात त्याने शेपूट विरघळते, लेपात डोळा प्रवासाला निघतो. संप्रेरकात ना शेपटीची गोष्ट लिहिलेली असते, ना डोळ्याची. ते फक्त वेळ झाल्याचं सांगतं. ऐकणारी पेशी कोणती आणि तिच्यात कोणती जनुकं चालू व्हायला तयार आहेत, त्यावर पुढचं सगळं ठरतं. तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे, पेशी जनुकांचा अख्खा संच बाळगते, पण वापरते त्यातला थोडा भाग.

(याच माशांवरून डार्विनवर मोठा आक्षेप घेतला गेला होता. 1871 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ मिव्हार्ट यांनी विचारलं की अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा माशाला उपयोग काय? आणि उपयोग नसेल तर हा बदल टप्प्याटप्प्याने झालाच कसा? डार्विनने 1872 मध्ये त्याला उत्तर दिलं, पण मधल्या टप्प्याचा मासा दाखवता आला तो 2008 मध्ये. जीवाश्मतज्ज्ञ मॅट फ्रीडमन यांनी संग्रहालयांत पडून असलेले सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म तपासले, त्यात डोळा अर्ध्या वाटेवर असलेले मासे निघाले. ती बातमी वाचली त्या दिवशी मी वर्गात ठरलेला धडा बाजूला ठेवला होता.)

आता बोटाकडे येते. माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे डीएनएच्या एका संपूर्ण संचात, सुमारे 3 अब्ज अक्षरं आहेत (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या चार प्रकारच्या घटकांपैकी एक), आणि प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण 20,000. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीतही जवळपास तेवढीच आहेत! माणूस आणि कृमी यांच्यातला फरक जनुकांच्या संख्येत शोधणं व्यर्थ आहे हे यावरून कळावं. प्रथिनांचा मजकूर जीनोमच्या 2 टक्क्यांहून कमी. उरलेल्यात बरंच काही असतं, पण त्यात कोणतं जनुक कुठे आणि कधी चालू करायचं ते ठरवणारे पट्टेही असतात. त्यांना आपण स्विच म्हणू.

गर्भाला हात फुटतो तेव्हा आधी नुसता एक कोंब दिसतो. त्याच्या करंगळीकडच्या कडेला काही पेशी एक प्रथिन सोडतात. सॉनिक हेजहॉग नावाचं जनुक ते बनवतं. कडेला हे प्रथिन दाट, अंगठ्याकडे जाताना विरळ. हर्णैच्या माणसाचे डोळे बांधले तरी सुक्या मासळीचं वाळवण किती दूर आहे ते तो वासावरून सांगेल. तसंच पेशी त्या प्रथिनाच्या दाटपणावरून आपली जागा ओळखते आणि त्याप्रमाणे करंगळी घडते किंवा मधलं बोट. कोंबडीच्या गर्भात करंगळीकडच्या या पेशींचा तुकडा काढून दुसऱ्या कडेलाही लावला, तर आरशातल्यासारखी बोटांची दुसरी रांग येते.

या जनुकाचा हातापायांपुरता एक स्विच आहे, झेडआरएस. सुमारे 800 अक्षरांचा पट्टा, आणि जनुकापासून तब्बल 10 लाख अक्षरं दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात! इतक्या लांबून तो काम कसा करतो? होडीत गोळा करून ठेवलेलं जाळं आठवा. पसरलं तर एक टोक दुसऱ्यापासून कितीतरी वाव लांब, गोळा केलं की दोन्ही एकमेकांवर. पेशीत डीएनएची अशीच घडी पडलेली असते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, अंगठ्याला लागून दुसरा छोटा अंगठा असलेला. हात सतत खिशात. एकदा तास संपल्यावर सगळे गेल्याचं पाहून त्याने विचारलं, "बाई, माझ्यात काय बिघडलंय?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, आणि ते मला अनेक वर्षं टोचत राहिलं. 2003 मध्ये संशोधकांनी दाखवलं की अंगठ्याकडे जादा बोट असलेल्या काही कुटुंबांत या झेडआरएसमधलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे प्रथिन अंगठ्याच्या बाजूलाही थोडं तयार होतं आणि तिथल्या पेशी आणखी एक बोट घडवतात. त्या मुलाच्या बाबतीत हेच झालं होतं का, ते तपासणीशिवाय सांगता येणार नाही. पण आज तो समोर आला तर मी म्हणेन, बाळा, तुझं जनुक शाबूत आहे, ते एका जादा जागी चालू झालं असावं, एवढंच.

हाच स्विच उलट्या दिशेने बिघडला तर? त्यासाठी अजगराकडे बघा. आपल्याकडे बागायतीत, ओढ्याकाठी अजगर निघतो. त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नखासारखे छोटे काटे असतात. ते मागच्या पायांचे अवशेष आहेत. अजगराच्या गर्भात पायाचे कोंब फुटतात आणि वाढ तिथेच थांबते. सॉनिक हेजहॉग जनुक सापांत शाबूत आहे, मोडलाय तो पायाचा स्विच. 2016 मध्ये एका प्रयोगात उंदराचा झेडआरएस काढून त्या जागी सापाचा बसवला, तर उंदराचे पाय खुंटले. माणसाचा बसवला तेव्हा पाय व्यवस्थित आले. सीलाकँथ या प्राचीन माशाचा बसवला तरीही आले! मग सापाच्या स्विचमधून गळालेली 17 अक्षरं परत घातली, आणि उंदराला पुन्हा पाय फुटले. 17 अक्षरं! इतकी वर्षं शिकवूनही मला याचं आश्चर्य कमी झालेलं नाही.

पण उत्क्रांतीने जनुक सोडून स्विचच का मोडला? कारण हेच जनुक मेंदू, चेहरा, मणका घडवतानाही लागतं. ते पूर्ण बंद पडलेल्या उंदराच्या गर्भाचा मेंदू दोन भागांत विभागत नाही, मध्ये एकच डोळा येतो आणि पिल्लू जगत नाही. पायाचा स्विच गेला तर फक्त पाय जातात, बाकी शरीर सुरक्षित राहतं. घरातला एक दिवा बंद करायला कोणी मेन स्विच पाडत नाही. म्हणून शरीराच्या ठेवणीत जे बदल टिकले, त्यांतले पुष्कळ अशा स्विचमधले आहेत. जनुकं मात्र कोट्यवधी वर्षं तीच राहतात. 1995 मध्ये जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत डोळा घडवणारं उंदराचं जनुक फळमाशीच्या पायात चालू केलं, तर पायावर डोळा आला, आणि तो उंदराचा नव्हता, माशीचाच होता.

सगळं श्रेय स्विचना देणंही चुकीचं ठरेल. सिकलसेल या रक्ताच्या आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकातलंच एक अक्षर बदलतं. आणि नवी जनुकंही येतात, बहुधा जुन्याची नक्कल होऊन. आपल्याला पिकलेला आंबा हिरव्या पानांत उठून दिसतो, कारण आपल्या माकडसदृश पूर्वजांत रंग ओळखणाऱ्या एका जनुकाची दुसरी प्रत झाली आणि पुढे दोन्ही प्रती वेगळ्या झाल्या, एक लालसाठी, एक हिरव्यासाठी.

शेवटी, तुम्ही अलिबागचे आहात असं लिहिलंय, म्हणून जिताड्याबद्दल. हा मासा नर म्हणून वयात येतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पुढे सहा ते आठ वर्षांचा होईपर्यंत त्यातले बरेच मादी होतात. जीनोम तोच, एक अक्षरही बदलत नाही. नराकडे नेणारं एक जनुक आणि मादीकडे नेणारं एक जनुक, दोन्ही त्याच्यात आयुष्यभर असतात. फक्त डीएनएवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा चिकटतात. नरात त्या मादीकडच्या जनुकावर जास्त असतात, मादीत नराकडच्या जनुकावर. ज्यावर खुणा दाट, ते जनुक मंदावतं. मासा वाढतो तशा खुणा बदलतात आणि वृषणाच्या जागी अंडाशय तयार होतं.

तुमच्याकडे मानाचा म्हणून घरी पोचवला जातो तो दहा-बारा किलोचा जिताडा त्यामुळे जवळजवळ नेहमी मादीच असते, एके काळी नर असलेली. पुढच्या वेळी मोठा जिताडा घरी आला की कापताना पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, मिळते का ते बघा, आणि तेव्हा लहान पोरांना जवळ बोलवा.